टिकाऊ उत्प्रेरकाला प्रकाशाची वानवा

सूर्यप्रकाशाच्या साह्याने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन मिळविता येतो, हे जपानी शास्त्रज्ञ अकिरा फुजिशिमा व केनिची होंडा यांनी १९७२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकातून जगासमोर मांडले. त्यांनी वापरलेला टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढऱ्या रंगातील नेहमीचा घटक. तो स्वस्त आहे आणि पाण्यात, प्रकाशात झिजत नाही. मात्र, तो केवळ अतिनील किरण शोषतो. जमिनीवर पोहोचणाऱ्या सौरऊर्जेत या किरणांचा वाटा जेमतेम ५ टक्के असतो. याउलट, कॅडमियम सल्फाइड दृश्य प्रकाश शोषते; परंतु पाण्यात त्यावर प्रकाश पडला, की ते स्वतःच झिजू लागते.

टोकियो विद्यापीठाचे काझुनारी दोमेन यांच्या चमूने २०२१ मध्ये १०० चौरस मीटरच्या पॅनेलवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ॲल्युमिनियम मिसळलेले स्ट्रॉन्शियम टायटॅनेट हे ऑक्साइड त्यात उत्प्रेरक होते. ही यंत्रणा उघड्यावर कित्येक महिने चालली. तथापि, हायड्रोजनमध्ये रूपांतरित झालेली सौरऊर्जा कमाल ०.७६ टक्केच होती. कारण हे ऑक्साइडही अतिनील किरणांवरच अवलंबून आहे. त्यामुळे दृश्य प्रकाश शोषणारा आणि तितकाच टिकाऊ उत्प्रेरक मिळविणे, हेच संशोधकांपुढील खरे आव्हान आहे.