वऱ्हाडच्या नकाशावरील रेषा

वऱ्हाडातील कॅथलिक घरात सोयरिकीची बोलणी सुरू झाली, की एक प्रश्न हमखास येतो : "माणसं आपल्यातली आहेत ना?" मुलगा ख्रिस्ती आहे, नित्य प्रार्थना करणारा आहे, एवढ्यावर भागत नाही. तो अलायन्सचा की नाझरीन, फ्री मेथडिस्ट की बाप्टिस्ट, हे कळल्याशिवाय वडीलधाऱ्यांचे समाधान होत नाही. आम्ही धर्मगुरूंनीही या चौकशीला बरीच वर्षे हातभारच लावला आहे. परंतु ही नावे आपल्या भागात आली कशी, याचा विचार आपण क्वचितच करतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातील प्रॉटेस्टंट मिशनांनी आपापसात एक समझोता केला होता. माणसे थोडी, पैसा तुटपुंजा आणि देश अफाट. तेव्हा एका मिशनने दुसऱ्याच्या क्षेत्रात शिरू नये, असे ठरले. त्यानुसार अकोला, खामगाव, अमरावती हा भाग अमेरिकेतून आलेल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सकडे राहिला. यवतमाळ फ्री मेथडिस्टांकडे, बुलढाणा नाझरीन मिशनकडे, तर मेळघाटचा डोंगरी मुलूख कोरकू मिशनकडे गेला व पुढे तेथे बाप्टिस्ट आले. वाशीमची कथा तर विशेष बोलकी आहे. तेथे आधी मेथडिस्टांचे काम होते. १९३०च्या दशकात ते क्षेत्र नाझरीन मिशनकडे सोपविण्यात आले. माणसे तीच, गावे तीच, प्रभूही तोच. पाटी तेवढी बदलली!

या समझोत्यामुळे भांडणे टळली, हे मान्य केले पाहिजे. परंतु वाटणी म्हणजे ऐक्य नव्हे. कोणाचा पंथ कोणता, हे पुष्कळदा श्रद्धेने ठरले नाही. आजोबा कोणत्या जिल्ह्यात राहत होते, यावर ठरले. जमिनीवर आखलेली रेषा हळूहळू मनावर उमटली.

आपली ख्रिस्तसभा या समझोत्यात नव्हतीच. १८८७ साली स्थापन झालेल्या नागपूर धर्मप्रांतातील संत फ्रान्सिस दि सेल्सच्या संघाचे धर्मगुरू आपल्या वाटेने काम करीत राहिले. इतरांची दारे आपल्याला बंद होती, असे मात्र आपण म्हणू नये. आपणही आपले दार लावून घेतले होते. ख्रिस्ती ऐक्यासाठी भरणाऱ्या सभांत कॅथलिकांनी भाग घेऊ नये, असे पोप अकरावे पायस यांनी १९२८ साली स्पष्टपणे बजावले होते.

तरीही संकटाच्या काळी या रेषा पुसट झाल्या. १८९९-१९००च्या भीषण दुष्काळात वऱ्हाड होरपळून निघाला. त्या वेळी अमेरिकेतील ख्रिस्ती लोकांच्या पुढाकाराने 'क्विटो' नावाचे जहाज मका घेऊन मुंबईस आले आणि वेगवेगळ्या मिशनांच्या संयुक्त समितीने त्याच्या वाटपाची व्यवस्था पाहिली. उपाशी माणसाच्या हातावर धान्य घालताना पंथ विचारण्यात अर्थ नसतो, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

पुढे आपल्याच शेजारी मोठ्या घटना घडल्या. १९५३ साली यवतमाळ येथे अनेक पंथांच्या विद्यार्थ्यांसाठी युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली. १९८३ साली ती पुण्यास गेली. अमरावतीपासून दीडशे किलोमीटरवर असलेल्या नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. वऱ्हाडातील अलायन्स, नाझरीन व फ्री मेथडिस्ट मंडळ्या मात्र त्या ऐक्यात सामील झाल्या नाहीत. जुन्या रेषा सहजासहजी पुसत नाहीत.

आपला अमरावती धर्मप्रांत ८ मे १९५५ रोजी अस्तित्वात आला आणि अवघ्या नऊ वर्षांत जगाचे वारे बदलले. १९६१ साली चर्चेसच्या जागतिक परिषदेचे अधिवेशन नवी दिल्लीत भरले, त्याला कॅथलिक निरीक्षक प्रथमच अधिकृतपणे उपस्थित राहिले. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ख्रिस्ती ऐक्यावरील आदेशपत्र प्रसिद्ध केले. योग्य रीतीने बाप्तिस्मा घेतलेले इतर पंथांतील ख्रिस्ती हे प्रभूमध्ये आपले बंधू आहेत, असे त्यात सांगितले आहे. त्यांच्या बाप्तिस्म्याला आपण मान देतो. तो पुन्हा देत नाही. १८ ते २५ जानेवारीच्या ऐक्य प्रार्थना सप्ताहात रोम आणि जागतिक परिषद यांनी मिळून तयार केलेली सामग्री १९६८ पासून वापरली जाते. २०१३ साली तर ती भारतातील ख्रिस्ती विद्यार्थी चळवळीने दलित बांधवांचे दुःख समोर ठेवून तयार केली होती.

मतभेद खोटे आहेत, असे आमचे म्हणणे नाही. पवित्र मिस्सा, पोपमहाशयांचे स्थान, पवित्र मरियेविषयीची भक्ती यांबाबतचे अंतर खरे आहे आणि ते गोड बोलण्याने मिटणार नाही. पण रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने आपण आपल्या चर्चमध्ये मनोभावे गातो, तेव्हा ते कोणत्या मिशनचे होते, हे कोणी विचारत नाही. मग टिळकांच्या गीताला जी जागा दिली, ती शेजारच्या मंडळीतील सुनेला देताना आपण का अडखळतो? दोन बाप्तिस्माधारकांच्या मिश्र विवाहाला धर्माधिकाऱ्यांची परवानगी मिळू शकते. घरची परवानगी मिळवणे मात्र फार अवघड जाते. या ओढाताणीत दोन्ही चर्चपासून दुरावलेली घरे आम्ही पाहिली आहेत. ती घरे कोणत्याच मंडळीच्या वाट्याला आली नाहीत.

म्हणून येत्या जानेवारीत सप्ताहातील एक संध्याकाळ तरी शेजारच्या मंडळीबरोबर प्रार्थनेत घालवावी, अशी आमची विनंती आहे. आपल्या शिष्यांनी एक व्हावे म्हणून प्रभूने अखेरच्या रात्री प्रार्थना केली. ती करताना त्याने जिल्हे वाटून दिले नव्हते. आणि यापुढे कोणी "माणसं आपल्यातली आहेत ना?" असे विचारले, तर आम्ही प्रथम एवढेच सांगू : बाप्तिस्मा झाला आहे, आपल्यातलीच आहेत. बाकीचे बोलणे त्यानंतर.