हत्याराचा कागद

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, गोवा. यांपैकी कुठेही आपले घर चारसहा पिढ्या नांदत असेल, तर त्या घरात एखादे तरी हत्यार कधीकाळी होते असे धरून चालायला हरकत नाही. तलवार, कट्यार, फार तर एखादी ठासणीची बंदूक. खंडेनवमीला ते खाली निघे, पुसले जाई, हळदकुंकू वाहून पुन्हा खुंटीला जाई. अशा हत्याराबद्दल घराण्यात गोष्टी असतात : ते कोणाबरोबर आले, कोणत्या स्वारीत होते. पण ‘हे आपलेच आहे’ असे सांगणाऱ्या कागदाबद्दल कोणी फारसे बोलत नाही. आपल्या इतिहासलेखनानेही त्या कागदाकडे पाहिलेले नाही. वास्तविक गेल्या दीडशे वर्षांत हत्यार कुणाचे हे मनगटाने किंवा वंशावळीने ठरलेले नाही, ते कागदाने ठरले आहे.

पूर्वी असे नव्हते. मराठी फौजेत शिलेदार आणि बारगीर हा भेद आपण शाळेत शिकलो. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार आपला घोडा आणि आपली हत्यारे घेऊन चाकरीला येई. सनद लागे ती गावाची, इनामाची, वतनाची. कमरेच्या तलवारीला वेगळी सनद कोणी मागत नसे. ती कमरेला आहे, एवढाच तिचा दाखला.

१८५७ नंतर हे बदलले. त्या वर्षीचा अठ्ठाविसावा आणि १८६० चा एकतिसावा हे दोन कायदे उठावाच्या धास्तीतून आले. खरा पाया घातला तो १८७८ च्या अकराव्या कायद्याने, म्हणजे लॉर्ड लिटनच्या हत्यारांच्या कायद्याने. देशी वृत्तपत्रांचे तोंड बांधणारा कायदाही त्याच मार्च महिन्यातला. वृत्तपत्रांचा कायदा रिपनच्या कारकिर्दीत चार वर्षांत गेला. हत्यारांचा कायदा चौऱ्याऐंशी वर्षे टिकला आणि स्वातंत्र्यानंतरही पंधरा वर्षे आपल्या डोक्यावर राहिला.

हा कायदा वाचताना मला नेहमी नवल वाटते ते त्यातल्या व्याख्यांचे. ‘हत्यार’ या शब्दात बंदूक, संगीन, तलवार, खंजीर, भाला, भाल्याचे पाते, धनुष्यबाण, तोफ हे सगळे येतेच, शिवाय हत्यारांचे सुटे भागही येतात. ‘दारूगोळा’ या शब्दाची व्याप्ती तर आणखी मोठी : चकमकीच्या बंदुकीचा गारगोटीचा दगड, नळीत ठासायची डाट, टोपीदार बंदुकीची टोपी, वात, आणि या साऱ्यांचे भाग. शिसे, गंधक आणि सोरा एवढेच बाहेर ठेवले, पण सरकार जाहीर करील तेथे ‘लष्करी सामान’ म्हणून तेही बंधनात आणण्याची सोय करून ठेवली. कायदा लिहिणाऱ्याला बंदूक चांगली ठाऊक होती. नळी नुसती पाईपच असते. तिला बंदूक बनवतात त्या या बारक्या वस्तू, म्हणून कागद मागायचा तो त्यांचाही.

घरात ठेवणे आणि बाहेर नेणे यांत मात्र कायद्याने फरक केला. बंदूक आणि दारूगोळा घरात ठेवायलाही परवाना हवा. तलवार सर्वसाधारणपणे घरात राहू शकत होती. पण तेरावे कलम म्हणत होते की परवान्यावाचून आणि परवान्यात असेल त्याहून वेगळ्या रीतीने कोणी कोणतेही हत्यार घेऊन हिंडू नये, हिंडल्यास ते काढून घेता येईल. उंबऱ्याच्या आत जी आजोबांची तलवार, ती उंबऱ्याबाहेर पडली की गुन्ह्याची वस्तू. आणि बाराव्या कलमाप्रमाणे संशयास्पद रीतीने हत्यार नेणाऱ्याला परवाना असो वा नसो, वॉरंटाशिवाय धरता येई. म्हणजे कागद होता तरी सुटका होईलच असे नाही.

हा कागद सगळ्यांनाच लागत होता का? नाही, आणि लोकांचा संताप इथेच होता. नियमांनी माफीची यादी केली. तिच्यात युरोपियन होते, अँग्लो-इंडियन होते, संस्थानिक, कौन्सिलांचे सभासद, मोठे किताब मिळालेले लोक होते. गोऱ्या माणसाला केवळ गोरेपण पुरे. काळ्या माणसाला मात्र कलेक्टरकडे अर्ज करून आपण भरवशाचे आहोत हे पटवावे लागे. १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्येच या कायद्याविरुद्ध ठराव झाला, आणि १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचे पत्रक लिहिताना गांधीजींनीही ब्रिटिश राज्याच्या दुष्कृत्यांत या कायद्याला सर्वांत काळे ठरवले. अहिंसेच्या उपासकाने असे म्हणावे याचे अनेकांना कोडे पडते. मला ते कोडे वाटत नाही. त्यांचा आक्षेप अविश्वासावर होता. वंशावर आधारलेली माफी १९२० च्या नियमांनी काढली, परवान्याची पद्धत तशीच राहिली.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. १८७८ चा कायदा ‘ब्रिटिश हिंदुस्थाना’पुरता होता. होळकर, शिंदे, गायकवाड, निजाम यांच्या राज्यांत तो आपोआप लागू नव्हता, तेथे दरबारचे नियम चालत. हे ऐकायला सोपे वाटते, पण नकाशा डोळ्यांपुढे आणा. गायकवाडांचा मुलूख एकसंध नव्हता. नवसारी, बडोदे, कडी, अमरेली असे तुकडे होते. नवसारीहून बडोद्याला आगगाडीने जायचे तर मध्ये सुरत आणि भरूच हे इंग्रजी जिल्हे. एकाच महाराजांच्या एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाणारा नोकर वाटेत दुसऱ्या कायद्याच्या हद्दीतून जाई. इंदूर शहरात तर वेगळ्या प्रवासाचीही गरज नव्हती : रेसिडेन्सीच्या हद्दीत अंमल होळकरांचा नव्हता, एजंटाचा होता. पलीकडे महूची छावणी. ग्वाल्हेरजवळचे मुरार आणि खुद्द किल्ला १८८६ पर्यंत इंग्रजांकडे होता. हैदराबादेला सिकंदराबाद लागून. बेळगाव इंग्रजी जिल्हा, पण त्याच्या भोवती कोल्हापूर, सांगली, जमखंडी, सावंतवाडी, आणि घाटाखाली पोर्तुगीज गोवा.

म्हणून आपल्या पूर्वजांना हत्याराचा कागद पुण्याच्या माणसापेक्षा वेगळ्या अर्थाने कळला असणार. पुण्याच्या माणसाला तो सदासर्वदा लागे. आपल्या माणसाला तो नाक्यावर लागे. सरहद्दीवरून हत्यार आत आणण्याबाहेर नेण्याबद्दल कायद्याचे सहावे कलम होते, त्यात स्वतःच्या वापरासाठी बेताच्या प्रमाणात हत्यार नेणाऱ्याला सूट होती. पण कोणाला? ते बाळगण्याचा ज्याला कायदेशीर हक्क आहे त्याला. मग तो हक्क नाक्यावरच्या शिपायाला दाखवायचा कसा? दरबारात मानकरी म्हणून बसणाऱ्याचा मान तेथे शिपायाला दिसत नाही. त्याला कागद दिसतो.

या फटींतून वाईट गोष्टीही गेल्या. नाशिकला १९०९ च्या डिसेंबरात जॅक्सनचा खून झाला. लंडनहून पेटीच्या चोरकप्प्यातून आलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांचे प्रकरण त्याला जोडलेले आहे. गांधीहत्येतले बेरेटा पिस्तूल जानेवारी १९४८ मध्ये ग्वाल्हेरात मिळवलेले होते, आणि लाल किल्ल्यातल्या खटल्यात खुनाच्या आरोपाबरोबर ते परवान्याशिवाय दिल्लीत आणल्याचाही आरोप होता. आपल्या शहराच्या इतिहासात ही नोंद नसती तर बरे झाले असते, पण ती आहे.

स्वराज्यात हा कायदा जाईल असे अनेकांना वाटत होते. तसे वाटायला कारणही होते : १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांना अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला होता. घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडाचे हरि विष्णु कामत यांनी तो हक्क घटनेत घालण्याची सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. त्यांचे म्हणणे असे की स्वतंत्र राज्यात शस्त्र हा हक्काचा विषय नाही, वेळ आली तर ते कर्तव्य आहे, आणि सरसकट हक्क दिला तर तो गुन्हेगारांनाही मिळेल. सूचना पडली. मला कामतांचा सूर समजतो, पण फाळणीनंतर अवघ्या सव्वा वर्षाने आंबेडकरांनी दुसरे काय म्हणायचे होते?

संस्थाने विलीन झाली, केंद्राचे कायदे सगळीकडे आले, नाक्यांचा प्रश्न संपला. १९५९ चा चौपन्नावा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. तलवारभाल्यांना त्याने बरीच मोकळीक दिली, सरकार ज्या भागापुरते जाहीर करील तेथेच त्यांना परवाना. लाठी आणि साधी हातातली काठी तर हत्यारच नाही असे स्पष्ट लिहिले. पण बंदुकीच्या बाबतीत दोर आवळला. बारीचा आवाज किंवा उजेड कमी करणारे साधन, म्हणजे ज्याला आपण सायलेन्सर म्हणतो, ते या कायद्यात ‘बंदुकी’च्याच व्याख्येत बसवले आहे. नुसते ते नळकांडे, बंदूक जवळ नसतानाही, कायद्याच्या लेखी बंदूक. १८७८ च्या यादीत ते नाही, कारण हायरम पर्सी मॅक्झिमने ते बाजारात आणले त्यापुढे तीस वर्षांनी. अमेरिकेनेही १९३४ मध्ये त्यावर दोनशे डॉलरांचा कर आणि नोंदणी बसवली. नोंदणीचा पुरावा जपायचा आणि मागितला की दाखवायचा, हे तेथेही मालकाचेच काम आहे.

आपल्याकडे हे काम एकोणिसाव्या कलमात आहे. हत्यार वा दारूगोळा घेऊन जाणाऱ्याकडे कोणताही पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो. परवाना दाखवता आला नाही, किंवा परवान्याची आपल्याला गरज नाही हे दाखवता आले नाही, तर तो नावपत्ता विचारतो आणि जरूर वाटल्यास हत्यार ताब्यात घेतो. नाव सांगितले नाही किंवा खोटे वाटले तर वॉरंटाशिवाय अटक. परवाना घरच्या तिजोरीत आहे हे सांगून रस्त्यावर भागत नाही. माफी असलेल्यालाही माफी दाखवावी लागते. कोडगूचे लोक आजही बंदुकीच्या परवान्यातून मोकळे आहेत, पण ते सूट मिळालेल्यांपैकी आहेत हे त्यांनाही दाखवता यावे लागते. दसऱ्याच्या मिरवणुकीत बंदूक नेण्याची हौस असणाऱ्यांनी परवान्याच्या अटीही वाचाव्यात. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव येथे खास परवानगीवाचून हत्यार नेऊ नये असे त्यांत लिहिलेले असते.

मग भिंतीवरच्या त्या जुन्या ठासणीच्या बंदुकीचे काय? पंचेचाळिसाव्या कलमात तिच्यासाठी जागा आहे. जुन्या घडणीचे, पुराणवस्तूच्या मोलाचे किंवा मोडके हत्यार, जे दुरुस्त करून वा न करता बंदूक म्हणून वापरता येणार नाही, ते कायद्यातून वगळले आहे. जोडीचे दुसरे भाग कोणाकडे नसतील आणि वापरायचा हेतू नसेल तर किरकोळ सुटे भागही वगळले आहेत. यातला ‘दुरुस्त करून वा न करता’ हा तुकडा नीट वाचावा. गंजलेली बंदूक म्हणजे निकामी बंदूक नव्हे. चांगला कारागीर जिला चालती करू शकतो ती या सवलतीत येत नाही, मग ती पणजोबांची असली तरी.

चालू बंदुकीचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण परवाना माणसाचा असतो, घराण्याचा नसतो. परवानेदार वारला की त्या दिवसापासून ती बंदूक घरात बेकायदा ठरू शकते. एकविसावे कलम सांगते की ती विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावी. वारसाला मुदतीत आपला परवाना काढून ती परत घेता येते किंवा विकता येते. मुदत टळली तर ती सरकारजमा होऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवल्या, आणि वारसाहक्काने आल्या तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. सुतकात कोणाला ठाण्याची आठवण होते? म्हणून अनेक बंदुका अशाच गेल्या, आणि त्यांच्याबरोबर परवान्याची वहीही रद्दीत गेली.

त्या वहीविषयी एक विनंती करतो. आपल्या घरात अशी वही सापडली, अगदी मुदत संपलेली, तर ती उघडून पाहा. बंदुकीचे वर्णन, तिचा क्रमांक, किती काडतुसे, कोणत्या हद्दीपुरती, आणि नूतनीकरणाचे शिक्के एकाखाली एक. संस्थानी काळातली वही असेल तर आधी दरबारची मोहर, मग मध्यभारत, मग मध्यप्रदेश. किंवा बडोदे राज्य, मग मुंबई राज्य, मग गुजरात. माणूस तोच, बंदूक तीच, वरचे सरकार मात्र दोनदा बदललेले.