युद्धकालीन ब्रिटनमधील घरगुती वराहपालन

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये परसात पाळलेल्या डुकरांकडे स्वावलंबनाचे उदाहरण म्हणून पाहिले जाते. हे अर्धसत्य होय. ८ जानेवारी १९४० पासून बेकन, लोणी व साखर यांचे शिधावाटप सुरू झाले. आयात घटल्याने पशुखाद्यही दुर्मीळ झाले. म्हणून शेजारीपाजारी वराहमंडळे स्थापून स्वयंपाकघरातील खरकटे उकळून डुकरांना घालू लागले. मात्र खाद्याचा वाटा हवा असल्यास कुटुंबाला बेकनची कुपने सोडावी लागत आणि कत्तलीसाठी परवाना घ्यावा लागे. म्हणजेच जनावर घरचे असले तरी त्याच्या मांसाचा हिशेब शासनाच्या हाती राहिला. साहजिकच चोरटी कत्तलही झाली. १९४७ च्या पार्श्वभूमीवरील ‘अ प्रायव्हेट फंक्शन’ (१९८४) हा विनोदी चित्रपट अशाच बेकायदा डुकराभोवती रचलेला आहे. मांसावरील शिधावाटप ४ जुलै १९५४ रोजी, युद्धसमाप्तीनंतर तब्बल नऊ वर्षांनी, संपले.