‘हे खरे आहे काय?’ : तारांकित प्रश्नाची कुळकथा

विधानसभेतल्या तारांकित प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. ‘सन्माननीय जलसंपदा मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय?’ अशी त्याची सुरुवात होते. पुढे ‘(1) अमुक तालुक्यातील तमुक गावांना उन्हाळी आवर्तन मिळालेले नाही, हे खरे आहे काय’, मग ‘(2) असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली’, आणि शेवटी ‘(3) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तरंही तशीच ठरलेली: ‘हे खरे आहे’, ‘अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. वाचणाऱ्याला हा कोरडा कारकुनी मामला वाटेल. पण सांगलीतल्या आटपाडीच्या किंवा साताऱ्यातल्या दहिवडीच्या माणसाचं गाऱ्हाणं मंत्र्यासमोर ठेवून त्याच्याकडून छापील उत्तर घेण्याची ही रीत कुणी खैरात म्हणून दिलेली नाही. ती तुकड्यातुकड्यांनी मिळवावी लागली आहे.

तिचं मूळ इंग्लंडात आहे. 1721 साली साउथ सी कंपनीचा घोटाळा गाजत होता आणि कंपनीचा खजिनदार परदेशी पळाला होता. तो पकडला गेला हे खरं का, असं लॉर्ड काउपर यांनी उमरावांच्या सभागृहात सरकारला विचारलं. संसदेतला पहिला नोंदलेला प्रश्न तोच मानतात. इतकी साधी गोष्ट हिंदुस्थानात यायला मात्र पावणेदोनशे वर्षं लागली, आणि ती दिरंगाई जाणूनबुजून केलेली होती. 1853 नंतर कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलातले सभासद कारभाराबद्दल विचारणा करू लागले होते. कौन्सिल म्हणजे छोटी पार्लमेंटच होऊ पाहते आहे, हे लंडनला खपलं नाही. 1861 च्या कायद्याने कौन्सिलला फक्त कायदे करण्यापुरतं बांधून ठेवलं आणि विचारणा बंद झाली.

ती पुन्हा सुरू झाली 1892 च्या कायद्याने. 16 फेब्रुवारी 1893 रोजी भिंगाच्या राजांनी पहिला प्रश्न विचारला. त्याचा विषय लक्षात ठेवण्यासारखा आहे. साहेबलोक दौऱ्यावर आले की त्यांच्या छावणीला रसद पुरवण्याचा भार गावच्या दुकानदारांवर पडत असे, आणि त्यातून त्यांचे हाल होत. प्रश्न त्या हालांबद्दल होता. या देशाच्या कायदेमंडळातला पहिला प्रश्न तोफखान्यावर किंवा तिजोरीवर नव्हता, तो खेड्यातल्या वाण्यासाठी होता. विचारणारा राजा होता, पण तक्रार गावची होती. मला ही घटना फार मोलाची वाटते.

अर्थात तो अधिकार अर्धामुर्धाच होता. प्रश्न आधी लेखी कळवायचा, उत्तर मिळालं की गप्प बसायचं. त्यावर चर्चा नाही, उपप्रश्नही नाही. 1895 मध्ये टिळक मुंबई कौन्सिलवर निवडून गेले ते मध्य विभागातून. सातारा जिल्हा त्याच विभागात होता. त्यांच्यामागून गोखले गेले. 1901 मध्ये जमीन महसुलाचं विधेयक आलं तेव्हा फेरोजशहा मेहता आणि गोखले यांना सभात्याग करावा लागला. मत मांडून आणि प्रश्न विचारून काही हलत नाही असं दिसलं की उठून जाणं एवढंच हाती उरत होतं.

खरी धार आली ती उपप्रश्नाने. 1909 च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला एक पाऊल पुढे टाकून पुन्हा विचारण्याची मुभा दिली, 1919 च्या सुधारणांनी ती कोणत्याही सभासदाला मिळाली. लेखी उत्तर खात्यातला कारकून तयार करतो, उपप्रश्नाला मात्र मंत्र्याला स्वतः उभं राहावं लागतं. चांदणीचा उपयोगही तिथेच. तोंडी उत्तर हव्या असलेल्या प्रश्नाला चांदणीची खूण करण्याची पद्धत 1902 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने सुरू केली आणि ती आपल्याकडेही आली. खूण असलेला तो तारांकित, नसलेला अतारांकित. त्या छोट्या खुणेचा अर्थ इतकाच की, कागदावर भागणार नाही, मंत्र्याने समोर येऊन सांगावं.

आपल्या सातारा-सांगली भागाने या रीतीत स्वतःची एक भर घातली, आणि तिची आठवण पुरेशी ठेवली जात नाही. औंध संस्थानाचे तुकडे विखुरलेले होते. औंध आजच्या सातारा जिल्ह्यात, आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगलीत, गुणदाळ विजापूरकडे. 1939 च्या जानेवारीत भवानराव पंतप्रतिनिधींनी आपली सत्ता सोडून बहात्तर गावांच्या हाती कारभार दिला. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांनी खटपट केली, घटनेच्या मसुद्यात गांधीजींनी लक्ष घातलं. गावाने पंच निवडायचे, पंचायतींतून तालुका समिती, तिथून संस्थानची विधानसभा, आणि मंत्री त्या सभेला जबाबदार. मुंबई-दिल्लीत प्रश्नाचा अधिकार वरून खाली झिरपत होता. औंधात तो गावाच्या पारापासून वर चढला. 8 मार्च 1948 ला संस्थान विलीन झालं आणि तो प्रयोग संपला. त्याचा अभ्यास परदेशी विद्वानांनी केला, आपल्या शाळांतून तो शिकवला जावा असं मला मनापासून वाटतं.

1949 मध्ये मोठा सातारा दुभागला. दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. या दोन जिल्ह्यांची एक गंमत नव्हे, वेदना आहे. इथून यशवंतराव चव्हाण, वसंतदादा पाटील यांच्यासारखे मुख्यमंत्री गेले. उत्तर देणाऱ्यांच्या बाकावर इथली माणसं सतत बसली. तरीही प्रश्न संपले नाहीत, कारण हे जिल्हे एकजीव नाहीत. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात माणला जेमतेम पाचशेच्या आसपास. कृष्णाकाठी ऊस उभा आणि जत, आटपाडी, खानापूर, खटाव टँकरची वाट बघत. माणसं एका पक्षाची असली तरी पाणी एका बाजूचं होतं.

1957 मध्ये साताऱ्यातून लोकसभेवर गेलेले क्रांतिसिंह नाना पाटील तिथे मराठीत बोलले. आपल्या मतदाराला कळेल त्या भाषेत दिल्लीला जाब विचारणं, हा त्यांच्यापुरता साधा व्यवहार होता. वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी याच वर्षी विधानसभेवर गेले. सभागृहातला प्रश्न एकटा पुरत नाही, हे त्यांनी पुढे कृतीने दाखवलं. 1993 पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. नायकवडी, सांगोल्याचे गणपतराव देशमुख, भारत पाटणकर आणि तेरा दुष्काळी तालुक्यांतले शेतकरी तिथे एकत्र आले. बाहेर परिषद आणि आत आमदार, असा दुहेरी रेटा लागला. 1996 मध्ये टेंभू उपसा सिंचन योजनेला मंजुरी मिळाली. कराडजवळ कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्याने दुष्काळी माथ्यावर न्यायची ही योजना मुळात 80,472 हेक्टरांची. मंजुरीनंतर निधीसाठी, टप्प्यासाठी, वीजबिलासाठी प्रत्येक अधिवेशनात पुन्हा उभं राहणं आलंच. खानापूर-आटपाडीचे आमदार अनिल बाबर 2024 च्या जानेवारीत गेले. त्यांची ओळख लोकांच्या तोंडी ‘पाणीदार आमदार’ अशीच राहिली.

तातडीच्या विषयासाठी आमदारांच्या हाती आणखी एक साधन असतं, लक्षवेधी. ही मात्र इंग्लंडची उसनवारी नाही. 1954 मध्ये लोकसभेने ती स्वतः घडवली, महाराष्ट्र विधानसभेत ती नियम 105 खाली येते.

प्रश्न दाखल झाला की खाली काय होतं, हे तहसील कचेरीत काम केलेल्या कुणालाही विचारा. ‘एलएक्यू (विधानसभा प्रश्न) आलाय’ एवढे शब्द पुरतात. मंत्रालयातून जिल्हाधिकारी, तिथून तहसीलदार, तिथून तलाठी अशी माहितीची धावाधाव सुरू होते. वर्षभर हलली नाही ती फाइल आठवड्यात वर येते. पुष्कळदा उत्तर छापून येण्याआधीच टँकर सुरू झालेला असतो. आणि मंत्री सभागृहात ‘करतो’ म्हणाला तर तो शब्द हवेत विरत नाही. आश्वासन समिती त्याची नोंद ठेवते, पाठपुरावा करते. लोकसभेत अशी समिती 1953 मध्ये स्थापन झाली, आपल्या विधिमंडळातही ती आहे.

प्रश्न विचारला गेला आणि तो ऐकला गेला नाही, तर काय होतं याचं उत्तर जतने दिलं. पाण्यासाठी वर्षानुवर्षं दाद मागून थकलेल्या सीमेवरच्या गावांनी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते. 2022 च्या नोव्हेंबरात कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्याच ठरावांचा आधार घेऊन जतच्या चाळीस गावांचा विषय काढला. मग विस्तारित म्हैसाळ योजनेचे सुमारे दोन हजार कोटी रुपये झपाट्याने पुढे सरकले. दशकभर आधी विधानसभेतल्या उत्तराने हे व्हायला हवं होतं. एका राज्याच्या गावांना दुसऱ्या राज्याकडे बघावं लागणं हे प्रश्नोत्तराच्या तासाचं अपयश आहे, असंच मी म्हणेन.

म्हणून हा तास गोंधळात वाहून जातो तेव्हा नुकसान कोणत्याही पक्षाचं नसतं, ज्या गावाचा प्रश्न त्या दिवशी यादीत होता त्याचं असतं. 1975 मध्ये आणीबाणीत संसदेतला प्रश्नोत्तराचा तास बंद झाला. 2020 च्या सप्टेंबरात कोरोनाचं कारण देऊन पुन्हा वगळला गेला. दोन्ही वेळा रस्त्यावर फारसं कुणी आलं नाही, कारण तो तास आपला आहे हे लोकांना माहीतच नव्हतं.

नागपूरचं हिवाळी अधिवेशन डिसेंबरात भरतं आणि तारांकित प्रश्नांची सूचना त्याच्या बरीच आधी द्यावी लागते. तुमच्या गावचं रखडलेलं आवर्तन, बंद पडलेली एसटी, डॉक्टर नसलेलं आरोग्य केंद्र, जे असेल ते तारीखवार लिहून त्याआधी आमदाराच्या हाती द्या. अधिवेशन उठल्यावर प्रश्न लागला का आणि उत्तर काय आलं, हे त्यांना गावात उभं करून विचारा.