सारस संवर्धन, गोंदिया जिल्हा

महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाला असलेल्या गोंदिया जिल्ह्यात धानउत्पादक शेतकऱ्यांच्या सहभागाने चाललेले सारस क्रौंच पक्ष्याचे संवर्धन. सारस (शास्त्रीय नाव : अँटिगोन अँटिगोन) हा उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगातील सर्वांत उंच पक्षी असून त्याची उंची १.८ मी.पर्यंत भरते. भारतात तो सर्वाधिक संख्येने उत्तर प्रदेशात आढळतो व त्या राज्याचा तो राज्यपक्षी आहे. महाराष्ट्रात मात्र त्याची संख्या पन्नासच्या आत असून त्यांतील बहुतेक सारस गोंदियात आहेत. वैनगंगेपलीकडील बालाघाट जिल्ह्यातही (मध्य प्रदेश) त्यांचा वावर आहे.

अधिवास : सारस दाट जंगलात राहत नाही. माजी मालगुजारी (मामा) तलाव, बोड्या (लहान तळी), नदीकाठ आणि धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेते) यांत तो चरतो. तलावांतील देवधान (रानभात), कंद, बेडूक, कीटक हे त्याचे खाद्य. वीण पावसाळ्यात होते. जोडी बांधीतल्या पाण्यात धानाची रोपे व गवत उपटून २ मी.हून अधिक व्यासाचे घरटे रचते. मादी बहुधा दोन अंडी घालते. नर-मादी आळीपाळीने सुमारे महिनाभर ती उबवतात.

शेतकऱ्यांचा सहभाग : घरटे खासगी शेतात असल्याने ते टिकणे न टिकणे शेतमालकाच्या हाती असते. रोवणी झालेल्या बांधीत घरटे दिसले, की तेवढा तुकडा निंदण व फवारणीतून वगळणे, पिल्ले बाहेर पडेपर्यंत बांधीतले पाणी न तोडणे, कुत्री व अंडी पळवणाऱ्यांवर नजर ठेवणे, अशी ही राखण असते. घरट्यापुरते धान शेतकऱ्याच्या हातचे जाते. ‘सेवा’ ही गोंदियातील संस्था शेतकरी, ‘सारसमित्र’ म्हणवणारे स्वयंसेवक व वनविभाग यांच्या साहाय्याने घरट्यांवर देखरेख आणि दरवर्षी उन्हाळ्याअखेर गणना करते. पक्षी-अभ्यासक के. एस. गोपी सुंदर यांच्या उत्तर प्रदेशातील अभ्यासातही शेतकऱ्यांची अनुकूल वृत्ती असेल, तर भातशेती सारसाच्या विणीसाठी नैसर्गिक पाणथळींपेक्षा कमी प्रतीची ठरत नाही, असे दिसून आले.

धोके : विजेच्या तारांचा धक्का, कीटकनाशके, तलावांतील अतिक्रमण आणि वाळूउपसा यांमुळे संख्या घटते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या घटीची स्वतःहून दखल घेतली आहे. उपायांपैकी घरट्याची राखण शेतकऱ्याच्या आवाक्यातली आहे; वीजवाहिन्या सुरक्षित करणे व तलाव राखणे ही कामे शासकीय यंत्रणेवाचून होत नाहीत. सारसाचा बराचसा अधिवास अभयारण्याबाहेर असल्याने केवळ संरक्षित क्षेत्र घोषित करून त्याचे संवर्धन साधत नाही.