कराची ते जुहू : अंतर आणि वेळ यांचा हिशेब

पुणे ते दिल्ली हे सरळ अंतर सुमारे १,१५० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरला, तर प्रवास दीड तासाच्या आत व्हायला हवा. वेळापत्रकात मात्र दोन तासांहून अधिक वेळ दिलेला असतो. 'मग सूत्र चुकीचे आहे का?' असे पुण्याच्या एका शाळेत एका विद्यार्थिनीने मला विचारले. या प्रश्नाचे उत्तर शोधायला विमानवाहतुकीचा इतिहास उपयोगी पडतो.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले आणि दुपारी मुंबईला जुहू येथे उतरले. विमान होते एका इंजिनाचे 'पुस मॉथ', वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर. कराची-मुंबई सरळ अंतर सुमारे ८७० किलोमीटर आहे. म्हणजे साडेपाच तास पुरायला हवेत. लागले सुमारे सात. असे का झाले? टपाल आणि पेट्रोल यांसाठी वाटेत अहमदाबादला उतरणे भाग होते. तेथे पेट्रोलचे डबे चक्क बैलगाडीतून आणले गेले! अहमदाबादमार्गे अंतर होते सुमारे १,०३० किलोमीटर. आता भागाकार करा : जवळजवळ साडेसहा तास. त्यात थांब्याचा वेळ मिळवला की हिशेब जुळतो. सूत्र बरोबरच होते. त्यात घातलेले अंतर चुकीचे होते.

८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघाले. सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. पण कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत जायचे असल्याने मार्ग सुमारे ७,९०० किलोमीटरचा झाला. पुढे जेट विमाने आली, इंधन अधिक मावू लागले आणि असे थांबे गळत गेले. वारा मात्र राहिला. उंचावर तो बहुधा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून आजही मुंबईहून लंडनला जायला परतीपेक्षा अधिक वेळ लागतो.

आता पुन्हा दिल्लीकडे वळू. वेळापत्रकातील वेळ विमान जागचे हलल्यापासून दिल्लीला जागेवर थांबेपर्यंतचा असतो. लोहगावची धावपट्टी हवाई दल आणि नागरी विमाने दोघेही वापरतात. तेथे पाळीची वाट पाहावी लागते. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो. शिवाय हवाई मार्ग अगदी सरळ नसतो.

वर्गात पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरावा, गोलाच्या प्रमाणावरून अंतर काढावे आणि वेळ वेळापत्रकाशी ताडून पाहावा. उरलेली मिनिटे कुठे गेली, हे मात्र विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.