पणजीत दारूविना काय प्याल?

दारू सोडलेल्या माणसाची पणजीत पंचाईत होते म्हणतात, ते तितकंसं खरं नाही. सोलकढी, कोकम सरबत साध्या खानावळीतही मिळतं. मॉकटेल म्हणजे बहुतेकदा महागडं साखरपाणीच. खरी मजा मार्च ते मे, काजूच्या हंगामात: नीरो, म्हणजे ठेचलेल्या बोंडूंतून ठिबकणारा गोड रस. तो ताजाच प्यावा, काही तासांत आंबायला लागतो. मात्र हुर्राक म्हणजे नीरो नव्हे. ती त्याच बोंडूंच्या आंबलेल्या रसाची पहिल्या धारेची दारू. लिंबू-सोड्यात घातली की ग्लास बघून कळत नाही, म्हणून विचारूनच घ्यावं. ‘नॉन-अल्कोहोलिक’ बिअरमध्येही ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल नियमात बसतं. थेंबही नको असेल त्यांनी बाटलीवर ०.० लिहिलंय का, ते बघावं.